एमएमपी-९ साठी कोणती अँटिबॉडी घ्यावी? त्याआधी तुमच्या स्लाइडबद्दल थोडं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मौखिक विकृतिशास्त्रात एमडीएस करताय. सुपारी-गुटख्यामुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिस आणि तोंडाचा कर्करोग, अशा दोन्ही प्रकारच्या बायोप्सींमध्ये एमएमपी-९ हे कोलॅजन (ऊतीतले चिवट धागे) मोडणारं एन्झाइम किती आहे, हा प्रबंधाचा विषय. सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) अँटिबॉडी मागवली, तर सगळ्याच स्लाइड तपकिरी झाल्या, अगदी निरोगी श्लेष्मल त्वचेचा तळाचा थरसुद्धा. खात्री करायला कर्करोगाच्या ऊतीचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) केलात, तर १३०, ९२, ८२ आणि ५० किलोडाल्टनच्या आसपास असे चार बँड आले. गाइड म्हणतात कंपनी बदला. तुम्ही विचारताय, कोणत्या कंपनीची घेऊ?

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. आडपडदा म्हणून नव्हे, त्याने तुमचा प्रश्न सुटणार नाही म्हणून. गेली बावीस वर्षं मी याच एन्झाइमांवर काम करतेय. एका प्रयोगशाळेत हिऱ्यासारखी चाललेली अँटिबॉडी दुसरीकडे मातीमोल ठरलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे, आणि बाटली तीच असायची. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला तर वाटतं की तुमची अँटिबॉडी कदाचित वाईट नसेलही. चारांपैकी निदान तीन बँडना कारणं आहेत. तपकिरी तळाच्या थरालाही एक अगदी साधं कारण असू शकतं. तिकडे येतेच.

आधी एन्झाइमबद्दल, कारण बँडचा अर्थ तिथूनच लागतो. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीचा जिवंत तुकडा कोलॅजनच्या अपारदर्शक जेलवर ठेवला. तुकड्याभोवतीचं जेल विरघळून तिथे स्वच्छ गोल तयार झाला. शेपटी झडताना तिच्यातलं कोलॅजन कोण खातं, याचं उत्तर त्या गोलात होतं. नुसती ऊती वाटून अर्क काढला की हे एन्झाइम हाती लागायचं नाही, कारण बहुतेक पेशी ते साठवून ठेवत नाहीत. लागेल तसं बनवतात, बाहेर सोडतात, आणि सोडतात तेही कुलूप घालून. माणसात अशी २३ मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज आहेत. त्यांच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो आणि काम तोच करतो. प्रोपेप्टाइड नावाच्या सुरुवातीच्या तुकड्यातलं एक सिस्टीन त्या जस्ताला धरून बसतं, तोवर एन्झाइम बंद. ती पकड सुटली, प्रोपेप्टाइड कापलं गेलं, की चालू. चालू झाल्यावरही टिम्प नावाची प्रथिनं येऊन त्याला पुन्हा अडवतात.

म्हणजे एकाच एमएमपी-९ ची निदान तीन रूपं तुमच्या ऊतीत एकाच वेळी असतात: बंद, चालू आणि टिम्पने धरलेलं. तुमची अँटिबॉडी यातलं काय बघते? बहुतेकदा सगळंच. स्लाइड तपकिरी झाली म्हणजे तिथे एमएमपी-९ हे प्रथिन आहे, एवढंच कळलं. ते कोलॅजन कापतंय की नाही, हे त्या रंगावरून कळत नाही. प्रबंधात “एमएमपी-९ ची क्रियाशीलता वाढली” असं वाक्य लिहिणार असाल, तर जगातली सगळ्यात चांगली अँटिबॉडीसुद्धा तुम्हाला तो अधिकार देणार नाही. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तर हा फरक फार मोलाचा आहे. तिथे मूळ दुखणंच असं, की कोलॅजन साचतं आणि मोडलं जात नाही. सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला जोर देतं, त्याने धाग्यांची आपसातली गुंफण घट्ट होते, आणि टॅनिन त्या धाग्यांना आणखी चिवट करतं. मग एन्झाइम भरपूर असूनही बंद किंवा अडवलेलं असणं अगदी शक्य आहे. या आजारावरच्या निबंधांत एमएमपीचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे मला हेही एक कारण दिसतं. कुणी प्रथिन मोजलं, कुणी काम मोजलं, आणि शीर्षकात शब्द एकच वापरला.

आता तुमचे बँड. ९२ म्हणजे बंद रूप, प्रो-एमएमपी-९. ८२ च्या आसपासचं म्हणजे प्रोपेप्टाइड कापून चालू झालेलं. दोन्ही अपेक्षितच आहेत, आणि कर्करोगाच्या ऊतीत दोन्ही दिसणं चांगलं लक्षण आहे. १३० घाबरवतो, पण तो बऱ्याचदा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधला असतो. तिथे एमएमपी-९ हे एनगॅल नावाच्या छोट्या प्रथिनाशी डायसल्फाइड बंधाने जोडलेलं असतं. हा बंध नमुन्यात घालतात त्या डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल या रसायनाने तुटायला हवा. तुटला नाही, तर तुमचं डीटीटी जुनं झालंय असा पहिला संशय घ्या. ताजं डीटीटी घालून नमुना पुन्हा उकळा आणि चालवा. १३० मावळला आणि ९२ ठळक झाला, तर तो एनगॅलचाच जोड होता. तरीही १३० तिथेच राहिला, तर मात्र अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटतेय.

५० च्या बँडबद्दल मी जवळजवळ पैजेने सांगेन. ऊतीत रुग्णाचं रक्त असतं, रक्तात आयजीजी, म्हणजे रुग्णाची स्वतःची अँटिबॉडी, असतं, आणि आयजीजीची जड साखळी नेमकी ५०-५५ वर धावते. तुमची दुय्यम अँटिबॉडी (प्राथमिक अँटिबॉडीला पकडून ती दाखवणारी) सशाविरुद्धची आहे, पण तिचं मानवी आयजीजीशी शोषण करून घेतलेलं नसेल, तर ती माणसाच्या आयजीजीलाही पकडते. तपासणं सोपं आहे. एका पट्टीवर प्राथमिक अँटिबॉडी घालूच नका, फक्त दुय्यम घाला. ५० तिथेही आला, तर बदलायची बाटली दुय्यमची आहे, आणि ती प्राथमिकच्या मानाने फार स्वस्त असते. पुढे कधी एमएमपी-१ किंवा एमएमपी-१३ वर काम केलंत, तर हे आणखी सांभाळा. त्यांची चालू रूपं साधारण ४२ ते ४८ च्या टापूत येतात, म्हणजे या आयजीजीच्या दाराशीच. आणि उंदराच्या मॉडेलवर गेलात तर ९२ शोधत बसू नका, उंदराचं प्रो-एमएमपी-९ सुमारे १०५ वर येतं. माझ्या एका विद्यार्थ्याने तो बँड “भलताच” म्हणून तीन महिने फेकून दिला होता. खरं एन्झाइम तेच होतं.

आता स्लाइडकडे, कारण तुमचा प्रबंध स्लाइडवर उभा राहणार आहे.

तळाचा थर तपकिरी आहे म्हणालात. रंग पेशीभर एकसारखा पसरलाय, की बारीक दाणे आहेत? केंद्रकाच्या वर टोपीसारखे जमलेत का? आपल्याकडच्या लोकांच्या हिरडीत, गालाच्या आतल्या बाजूला मेलॅनिन भरपूर असतं. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तर ते कुठे वाढतं, कुठे नाहीसं होतं. आणि डीएबीचा, म्हणजे अँटिबॉडी दिसावी म्हणून वापरतात त्या रंगद्रव्याचा, रंगही तपकिरीच. पाश्चात्त्य प्रयोगशाळांच्या पद्धती जशाच्या तशा उचलल्या की हा घोटाळा हमखास होतो, कारण त्यांच्या श्लेष्मल त्वचेत हा प्रश्न इतका येत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही ४० बायोप्सींचं गुणांकन पूर्ण केलं होतं. तळाच्या थराला सरसकट ‘तीन अधिक’. एका ज्येष्ठ बाईंनी नुसती हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची स्लाइड शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर लावली आणि मला वाकून बघायला सांगितलं. तेच दाणे, त्याच पेशींत, अँटिबॉडीचा थेंबही न लावता. सगळं गुणांकन पुन्हा केलं. उपाय तीन आहेत. रंगद्रव्य लाल घ्या, एईसी चालेल, पण ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून पाण्यातल्या माउंटिंग माध्यमातच झाका. किंवा डीएबीच ठेवा आणि हिमॅटॉक्सिलिनऐवजी जिम्सा वापरा. मेलॅनिन हिरवट-निळं होतं, डीएबी तपकिरीच राहतं. तिसरा उपाय मेलॅनिन विरंजित करण्याचा. पण त्यात प्रतिजनाचाही, म्हणजे अँटिबॉडी ज्याला चिकटते त्या प्रथिनाचाही, बळी जाऊ शकतो, म्हणून मी शेवटी ठेवते.

पुढे न्यूट्रोफिल. व्रण पडलेल्या कर्करोगाच्या बायोप्सीत ते असतातच, आणि त्यांच्या कणांमध्ये एमएमपी-९ ठासून भरलेलं असतं. देवाने फुकट दिलेलं नियंत्रण समजा. न्यूट्रोफिल गडद आणि स्नायू फिके, तर अँटिबॉडी काम करतेय. न्यूट्रोफिल फिके आणि उपकला तपकिरी, तर काहीतरी मुळातच चुकलंय. यात एक खाच आहे. न्यूट्रोफिलमध्ये स्वतःचं पेरॉक्सिडेजही असतं. ते आधी मारायला वापरता तो हायड्रोजन पेरॉक्साइड जुना असेल, तर ते अँटिबॉडीशिवायही तपकिरी होतील. म्हणून ही परीक्षा नेहमी नकारात्मक स्लाइड शेजारी ठेवूनच घ्यायची. आणि नकारात्मक म्हणजे नुसतं प्राथमिक अँटिबॉडीच्या जागी बफर घातलेलं नव्हे. सशाची पॉलिक्लोनल असेल तर सशाचं साधं आयजीजी, तितक्याच मायक्रोग्रॅममध्ये. मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी) असेल तर त्याच प्राण्याचं, त्याच आयसोटाइपचं (उपप्रकाराचं) आयजीजी. सबम्युकस फायब्रोसिसमधलं काचेसारखं झालेलं जाड कोलॅजन कुठलीही अँटिबॉडी थोडीफार धरून ठेवतं. ते फक्त या स्लाइडवर उघडं पडतं.

विरलनाचं, म्हणजे अँटिबॉडी किती पातळ केली याचं, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. माहितीपत्रकावरचा १:१०० तसाच वापरला असावा, असं धरते. एका कर्करोगाच्या आणि एका निरोगी ब्लॉकवर १:५०, १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशी शिडी चढून बघा. खऱ्या आणि खोट्या रंगातलं अंतर जिथे सगळ्यात जास्त, ते तुमचं विरलन. जिथे रंग सगळ्यात गडद, ते नव्हे. बहुतेक पहिल्यांदा करणाऱ्यांच्या स्लाइड अँटिबॉडी जास्त झाल्यामुळेच तपकिरी होतात.

प्रतिजन उघडं करताना सिट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९, दोन्ही करून बघा. अनेक कॉलेजांत हे घरगुती प्रेशर कुकरमध्ये होतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त वेळ शिट्ट्यांवर मोजू नका. पूर्ण दाब आल्यापासून घड्याळ लावा, आणि नंतर स्लाइड त्याच बफरमध्ये वीस मिनिटं सावकाश निवू द्या. कुकर नळाखाली धरून घाई केली की सेक्शन उचलले जातात आणि कडांना खोटा रंग येतो. ब्लॉक किती जुने आहेत, फॉर्मॅलिनमध्ये किती तास होते, बफर केलेलं फॉर्मॅलिन होतं की साधं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. शुक्रवारी घेतलेली बायोप्सी सोमवारपर्यंत फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिली असेल, तर तिची तुलना चोवीस तासांच्या बायोप्सीशी करू नका.

आता खरेदीचा मुद्दा. माहितीपत्रकात मी पहिल्यांदा काय वाचते, तर प्रतिजन म्हणून प्रथिनाचा कोणता तुकडा वापरला. प्रोपेप्टाइडविरुद्धची असेल तर ती फक्त बंद रूप बघेल, चालू झालेलं तिला दिसणारच नाही. शेवटच्या हिमोपेक्सिन भागाविरुद्धची असेल तर बंद-चालू दोन्ही दिसतील, पण तो भाग गमावलेलं सुमारे ६५ किलोडाल्टनचं रूप निसटेल. मधल्या उत्प्रेरक भागात एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही सख्खी भावंडं आहेत, दोघांतही फायब्रोनेक्टिनसारखे तीन तुकडे आहेत. तिथली अँटिबॉडी एकाला पकडताना दुसऱ्यालाही पकडू शकते. ‘पूर्ण लांबीचं प्रथिन’ एवढंच लिहिलं असेल तर ती नेमकी कुठे बसते ते कुणालाच ठाऊक नाही, असं समजून चाला. दुसरं, चाचणी कशावर केली आहे. वेस्टर्नमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं, एलायझात घडीव, पॅराफिन सेक्शनमध्ये फॉर्मॅलिनने जखडलेलं. एका ठिकाणी पास झालेली दुसरीकडे नापास होणं नेहमीचंच आहे. तुम्हाला पॅराफिनवर चाललेली हवी, आणि तिचं चित्र मानवी ऊतीचं हवं.

पॉलिक्लोनल की मोनोक्लोनल? प्रबंधासाठी मी रिकॉम्बिनंट मोनोक्लोनलच्या बाजूने आहे, आणि त्यामागे माझा एक कडू अनुभव आहे. एका पॉलिक्लोनलवर आमचं वर्षभर छान चाललं होतं. बाटली संपली, त्याच कॅटलॉग क्रमांकाची नवी आली, आणि रंग पेशीद्रवातून थेट केंद्रकात गेला. ससा बदलला होता. उरलेले रुग्ण आधीच्या रुग्णांशी जोडताच येईनात. अभ्यास अर्ध्यावर थांबला. पॉलिक्लोनलच घ्यायची झाली, तर सगळ्या अभ्यासाला पुरेल एवढी एकाच लॉटची घ्या. आल्या दिवशी छोटे छोटे भाग करून ठेवा, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये ठेवू नका, त्याचं तापमान सारखं वर-खाली होतं. उन्हाळ्यात कुरिअर आलं की खोका उघडतानाच जेलपॅक घट्ट होते की पाणी झाले होते, ते वहीत लिहा.

अँटिबॉडी एमएमपी-९ लाच ओळखते, हे सिद्ध कसं करायचं? जनुक काढून टाकलेल्या पेशींवर बँड नाहीसा होणं, हा सगळ्यात पक्का पुरावा. तुमच्या हाताशी ते नसेल, तर एक स्वस्त वाट आहे. एचटी-१०८० ही फायब्रोसार्कोमाची पेशीरेषा पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) पेशीभांडारातून मिळते. अर्ध्या पेशींना पीएमए (पेशींना चेतवणारं रसायन) द्या, अर्ध्यांना नाही. सीरमशिवायच्या माध्यमात चोवीस तास ठेवा, कारण वासराच्या सीरममध्ये स्वतःचीच एमएमपी असतात. मग पेशी नव्हे, माध्यम गोळा करा. हे एन्झाइम बाहेर सोडलं जातं. पेशींचा अर्क करून “बँडच नाही” म्हणणारे दर वर्षी भेटतात. माध्यम गाळणीने घट्ट करून ब्लॉट करा. पीएमए दिलेल्यात ९२ वाढला पाहिजे. माध्यमात जीएपीडीएच हे तुलनेसाठीचं नेहमीचं प्रथिन शोधू नका, ते पेशीच्या आतलं. पेशींची संख्या सारखी ठेवा आणि ब्लॉटवर पाँसो रंग चढवून एकूण प्रथिन दाखवा.

त्याच माध्यमाचं झायमोग्राम करा, अशी माझी मनापासून विनंती आहे. बेडकाच्या शेपटीचाच प्रयोग आहे हा, जेलमध्ये उतरवलेला. दहा टक्के जेलमध्ये दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम जिलेटिन मिसळा, नमुना न उकळता आणि डीटीटी न घालता चालवा. अडीच टक्के ट्रायटनमध्ये दोनदा अर्धा-अर्धा तास धुऊन एसडीएस (प्रथिनं उलगडणारं रसायन) काढून टाका. कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवा आणि सकाळी कूमासीने रंगवा. निळ्या जेलवर जिथे एन्झाइमने जिलेटिन खाल्लं तिथे पांढरे पट्टे उमटतात, ९२ वर एमएमपी-९ आणि ७२ च्या आसपास एमएमपी-२. जेलची दुसरी पट्टी ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये ठेवा. तिच्यावर पट्टे आले नाहीत, तर हे धातूवर चालणारं एन्झाइमच आहे. अँटिबॉडीचा संबंधही नसलेल्या पद्धतीने तोच निकाल आला, की तुमच्या ब्लॉटवर परीक्षक विश्वास ठेवतील. एक सावधगिरी: एसडीएसमध्ये उलगडताना बंद रूपाचंही कुलूप सुटतं, म्हणून ९२ चा पट्टा दिसला म्हणजे ऊतीतही ते चालू होतं असं नाही. ८२ आणि ९२ यांचं आपसातलं प्रमाण बघा.

ऊतीत खरोखर काम चालू होतं का, हे बघायचं असेल तर गोठवलेला तुकडा लागेल. त्यावर फ्लुरोसंट जिलेटिन पसरून बघतात. फॉर्मॅलिनमधल्या ब्लॉकवर हे होत नाही. पुढच्या काही रुग्णांच्या बायोप्सीचा छोटा भाग, नीतिसमितीची परवानगी घेऊन, गोठवून ठेवता आला तर बघा. पाच-सात नमुनेही पुरेसं काही सांगून जातील. जमलं नाही, तर प्रबंधात ‘अभिव्यक्ती’ हाच शब्द ठेवा, ‘क्रियाशीलता’ नको. सोबत टिम्प-१ चीही स्लाइड केलीत तर या आजारात ती फार बोलकी ठरेल.

रक्ताचंही मोजणार असाल तर एवढंच: सीरम नको. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी एमएमपी-९ सोडतात आणि आकडा फुगतो. सिट्रेट प्लाझ्मा घ्या, लवकर फिरवा, सगळ्या रुग्णांना एकच पद्धत.

तर क्रम असा ठेवा. आधी दुय्यम अँटिबॉडीची एकटी पट्टी आणि ताज्या डीटीटीचा ब्लॉट, मग विरलनाची शिडी आयजीजी नियंत्रणासह, मग एचटी-१०८० चं माध्यम. यातून जुनी अँटिबॉडी तरली तर तीच वापरा, नाही तरली तर वर सांगितलेल्या कसोट्यांवर नवी निवडा. क्लोन, कॅटलॉग क्रमांक आणि लॉट नंबर प्रबंधात लिहा. आणि या सगळ्याच्या आधी, ज्या निरोगी स्लाइडचा तळाचा थर तपकिरी आला, त्याच ब्लॉकची हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची स्लाइड कपाटातून काढून चाळीसच्या भिंगाखाली लावा आणि दाणे शोधा. काय दिसलं ते कळवा. कंपनीचं पुढे बोलू.